बारा पैलूंचं एबोनाइट पेन: टोपण आणि बॉडीचे पैलू एका रेषेत आणायचे कसे?

लेथकाम_वेंगुर्ला

नमस्कार मंडळी. वेंगुर्ल्यात बंदराच्या वाटेवर माझं छोटं वर्कशॉप आहे. काम बहुतेक बोटींचं: पंख्याचे शाफ्ट, बुश, पंपांचे पार्ट. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा बोटी वर ओढलेल्या असतात. सुरुवातीला दुरुस्तीची गर्दी होते, मग मधले दिवस रिकामे जातात. त्या दिवसांत मी एबोनाइटची, म्हणजे कडक रबराची, पेनं करतो. ड्रॉपरने शाई भरायची, जुन्या पद्धतीची. निब आणि तिला शाई पुरवणारी जीभ तयार आणतो, बाकी सगळं माझ्या लेथवर होतं.

गोल पेन आता मनासारखं होतं. शाई गळत नाही, टोपण नीट बसतं. पण ताईसाठी यंदा पैलूदार करायचं मनात आहे. ती प्राथमिक शाळेत शिकवते. वर्गातलं मेज जुनं, उतरतं आहे. गोल पेन ठेवलं की घरंगळून निबेवरच पडतं. क्लिप तिला नको, ती बोटांत टोचते म्हणते. म्हणून बारा पैलूंचं पेन, टोपणापासून शेवटापर्यंत पैलू सलग.

रॉड १६ मिमीचा आहे. टोपण बाहेरून १५ मिमी, आटे १३ मिमीचे, एकेरी, १ मिमी पिच. डिव्हायडिंग हेड (वर्तुळाचे समान भाग पाडायचं साधन) माझ्याकडे नाही, मिलिंग मशीनही नाही. तर बारा भाग अचूक पाडायचे कसे? पैलू आधी काढायचे की आटे आधी? आणि टोपण फिरवून बंद केल्यावर त्याचा पैलू बॉडीच्या पैलूसमोरच येऊन थांबेल याची खात्री कशी द्यायची? हा तिसरा प्रश्न मला सगळ्यात जास्त छळतोय. आटे जिथे संपतील तिथे टोपण थांबणार, ते पैलू बघून थोडंच थांबणार आहे.

शिवाय टोपणावर सावंतवाडीच्या खेळण्यांसारखी रंगीत लाख चढवता येईल का? ताईला ते लाल-पिवळे रंग फार आवडतात.

हर्णै_बंदर

पैलू सीएनसीवर करून घ्या ना. चिपळूण, लोटे, रत्नागिरी, कुठेही एमआयडीसीत चौथा अक्ष असलेलं मशीन मिळेल. ड्रॉइंग दिलं की काम झालं. कोन अचूक येतात.

लेथकाम_वेंगुर्ला

एका पेनासाठी सेटिंग कोण करणार? आणि हे पेन माझ्या हातचं असावं असं मला वाटतं. तरी आभारी आहे.

जुना_टूलरूम (रत्नागिरी)

तुमचा तिसरा प्रश्न खरं तर पहिला आहे. पैलूदार पेनात आटे आणि पैलूंची संख्या एकत्र ठरवावी लागते, आणि ती रॉड चकमध्ये धरण्याआधी. तेवढं ठरलं की बाकीचं काम सावकाश करण्याचं आहे, अवघड नाही. माझी नोकरी टूलरूममध्ये झाली. निवृत्तीनंतर घरामागच्या पडवीत लेथ लावला आहे आणि पैलूदार पेनांवर माझा विशेष जीव आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बारा पैलू म्हणजे दर ३० अंशांवर एक. टोपण थांबण्याच्या जागेत तीन-चार अंशांचाही फरक पडला तरी उजेडात पेन धरलं की डोळ्याला तो खटकतो, कारण प्रत्येक पैलूवरची चमक जोडावर तुटते. गोल पेनात ही अडचणच नसते.

आता तुमचे एकेरी आटे बघा. पिच १ मिमी, म्हणजे पूर्ण फेऱ्यात टोपण १ मिमी पुढे सरकतं आणि एका पैलूइतकं फिरायला फक्त ०.०८ मिमी. टोपणाचं तोंड बॉडीच्या ज्या खांद्यावर टेकतं तो खांदा वापराने झिजतो. एबोनाइटवर एबोनाइट घासतं, आज ना उद्या ०.०५ मिमी जाणारच. एकेरी आट्यांत तेवढ्याने टोपण १८ अंश पुढे जाऊन थांबेल. पैलू ३० अंशांचा आणि चूक १८ अंशांची, म्हणजे पैलू जवळजवळ पैलूंच्या मधोमध. देताना पेन सुरेख असेल, पण वर्षभराने ताई दाखवायला आणेल.

तेच आटे तिहेरी घ्या, म्हणजे एका आट्याऐवजी शेजारी शेजारी फिरणारे तीन. १३ मिमी, पिच ०.८, तीन सुरुवाती, म्हणजे लीड, एका फेऱ्यात टोपण सरकतं ते अंतर, २.४ मिमी. आता ०.०५ मिमी झिजेला टोपण साडेसात अंशच सरकतं. जुळवणंही सोपं होतं: एक पैलू म्हणजे बरोबर ०.२ मिमी. टोपण कुठेही थांबू दे, पुढचा पैलू समोर आणायला खांद्यावरून जास्तीत जास्त ०.२ मिमी काढावं लागतं. एवढं तर वॉटर पेपरवरही निघतं. शिवाय टोपण दोन फेऱ्यांत उघडतं. वर्गात मुलं समोर असताना पाच फेरे कोण फिरवत बसणार.

आणखी एक हिशेब आहे, तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तिहेरी आट्यांत टोपण तीन ठिकाणांहून आत शिरू शकतं, १२० अंशांच्या अंतराने. बारा पैलूंत १२० अंश म्हणजे बरोबर चार पैलू. एक शिरकाव जुळला की तिन्ही जुळतात. आठ पैलूंत मात्र पैलू ४५ अंशांचा, आणि १२० ला ४५ ने भाग जात नाही. तीन शिरकावांपैकी एकच जुळतो, वापरणाऱ्याला दर वेळी खूण बघून टोपण लावावं लागतं. आठ पैलू करायचे तर आटे दुहेरी किंवा चौहेरी घ्या. दहाला दुहेरी. सहाला आणि बाराला तिहेरी चालतात, दुहेरीही चालतात. तुमच्या लेथच्या गिअरमध्ये २.४ बसत नसेल तर तुमचाच १ मिमी पिच ठेवून दुहेरी करा, लीड २ मिमी. बारा पैलूंना तेही चालतं.

तिहेरी आटे लेथवर पाडायला खास डाय लागत नाही. लीड २.४ ला लावा, कंपाउंड (टूल धरणारी वरची छोटी स्लाइड) बेडला समांतर करा, पहिली सुरुवात पूर्ण खोलीपर्यंत काढा. मग कंपाउंड ०.८ मिमी पुढे घेऊन दुसरी, आणखी ०.८ घेऊन तिसरी. कंपाउंडचा बॅकलॅश, म्हणजे स्क्रूतला ढिलेपणा, नेहमी एकाच बाजूने काढून घ्या, नाहीतर तीन सुरुवाती समान अंतरावर येणार नाहीत आणि वरचा सगळा हिशेब वाया जाईल. आट्यांचा उतार इथे साडेतीन अंशांच्या आसपास असतो, एकेरीच्या दुपटीहून जास्त, म्हणून टूलला त्या बाजूचा क्लिअरन्स वाढवून धार लावा. लांबी पाच-सहा मिमीच आहे. मोटर बंद ठेवून स्पिंडल हाताने फिरवा. मी तसंच करतो, कारण खांद्याजवळ टूल थांबवणं हाताला जसं कळतं तसं मोटरला कळत नाही.

टोपणाच्या भिंतीचंही आताच बघून घ्या. बाहेरून १५, आटे १३, म्हणजे भिंत १ मिमी. बारा पैलू काढताना प्रत्येक पैलूच्या मधोमध जवळपास पाव मिमी जातं, पाऊण मिमी उरतं. एबोनाइटला ते पुरतं. आठ पैलू असते तर अर्ध्या मिमीपेक्षा जास्त गेलं असतं आणि उरलेली भिंत अर्ध्या मिमीहूनही कमी. ते टोपण उन्हाळ्यात कधीतरी आट्यांपाशी चिरणार. आठ करायचेच असतील तर रॉड जाड घ्यावा लागतो. पैलू जितके कमी तितका रॉड जाड, हे धरून चला. पहिल्या पैलूदार पेनाला बारा हा आकडा तुम्ही योग्य निवडला आहे. हातालाही तो गोलाच्या जवळचा लागतो, कडा बोटात रुतत नाहीत. इटलीत बोलोन्याच्या ओमास कंपनीचं १९३०च्या दशकातलं गाजलेलं पेन बारा पैलूंचंच होतं, अमेरिकेतल्या वॉल-एव्हरशार्पचं १९३१ सालचं डोरिकही बारा पैलूंचं. जपानच्या नाकाया कंपनीचं दहा पैलूंचं पेन आहे, एबोनाइटवर उरुशी ही जपानी लाख चढवलेलं, तेही बघण्यासारखं आहे.

आता क्रम. आतलं सगळं काम आधी: भोकं, आटे, सेक्शन (निब बसते तो बोटांत धरायचा भाग), निबेची जागा. गोल पेन म्हणून ते पूर्ण झालं पाहिजे. फक्त दोन टोकांना शेपटं ठेवा, बॉडीच्या मागे चकमध्ये धरायला आणि टोपणाच्या माथ्यावर टेलस्टॉकचा सेंटर टेकायला. मग टोपण लावा, काढा, लावा, काढा. संध्याकाळी ओटीवर गप्पा मारताना हे काम करत बसा. खांदा आणि टोपणाचं तोंड एकमेकांना घासून चकचकीत झालं, टोपण दर वेळी त्याच जागी थांबायला लागलं की समजा ते बसलं. जी झीज नंतर होणार ती आधीच करून घ्यायची. ही पायरी गाळू नका. माझ्या मते सगळ्या कामात हीच पायरी महत्त्वाची आहे.

ते झालं की टोपण नेहमीच्या जोराने बंद करून पेन अखंड एक दांडा समजा, आणि टोपणाच्या माथ्यापासून बॉडीच्या शेवटापर्यंत पैलू एकाच ओढीत काढा. दोन भागांचे पैलू वेगवेगळे काढून नंतर जुळवायचा प्रयत्न करू नका.

बारा भाग पाडायला डिव्हायडिंग हेड कशाला? लेथसोबत आलेल्या चेंज गिअरमध्ये ६० दातांचा असेलच. तो स्पिंडलच्या मागच्या टोकाला एक्सपँडिंग बोल्टने घट्ट बसवा. दातांत बसेल अशी पोलादी खुंटी स्प्रिंगच्या पट्टीला लावून हेडस्टॉकवर कसा. पाच दात मोजा आणि खुंटी टाका. ४८ दातांचा असेल तर चार-चार दात.

पैलू कानशीने काढा. क्रॉस स्लाइडवर दोन रूळ आडवे बसवा, पेनाच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक, दोन्ही एकाच उंचीवर. कानस रुळांवर टेकली की त्याखाली कापू शकत नाही, आणि डावी-उजवीकडे डुलतही नाही. घड्याळजी लोक ही युक्ती फार पूर्वीपासून वापरत आले आहेत. पेन निमुळतं असेल तर शेवटाकडे जाताना रूळ त्या मानाने खाली घ्या, म्हणजे पैलूही निमुळते होत जातील. कानस बारीक दातांची, सपाट, खडू फासलेली. खडूमुळे एबोनाइटची भुकटी दातांत अडकत नाही.

एक पैलू झाला की त्याच्या समोरचा, मग काटकोनातले दोन, असं करत जा. शेजारी शेजारी काढत गेलात तर चूक एका बाजूला साचत जाते. काळ्या एबोनाइटवर आधी पांढऱ्या पेन्सिलीने सगळा पृष्ठभाग रंगवा. दोन पैलूंच्या मध्ये पांढरी रेघ केसाएवढी उरली की थांबा. समोरासमोरच्या पैलूंमधलं माप व्हर्नियरने घ्या. बॉडी १४ मिमीची असेल तर ते १३.५२ यायला हवं. पण माप घेण्याआधी पेन गार होऊ द्या. एबोनाइट तापलं की चांगलंच फुगतं, आणि ते उष्णता वाहून नेत नसल्याने आतून बराच वेळ गरम राहतं. भोक पाडताना, बोअर करताना हेच लक्षात ठेवा. गंधकाचा वास जोरात यायला लागला की हात आखडता घ्या.

एबोनाइट हत्याराची धार लवकर खातं, म्हणून शेवटच्या कटाआधी टूल पुन्हा घासून घ्या, कितीही कंटाळा आला तरी.

पॉलिशला बफिंग चाक लावू नका. चाक कडा खातं आणि एवढ्या मेहनतीने काढलेले पैलू अंगणातल्या गोट्यासारखे गुळगुळीत होऊन बसतात. काचेच्या तुकड्यावर वॉटर पेपर चिकटवा, पाण्यात साबणाचा थेंब टाका, एकेक पैलू लांबीच्या दिशेने ओढा. ४०० पासून २००० पर्यंत, एकही नंबर न गाळता. दर नंबराला सगळे बारा पैलू, मगच पुढचा नंबर. टोपण लावलेलंच ठेवा. शेवटी लाकडी पट्टीला चामडं लावून त्यावर पॉलिश पेस्ट. कडा बोटाला कळली पाहिजे पण टोचता कामा नये. त्यासाठी २००० नंबरचा कागद कडेवरून एकदाच हलकेच फिरवा.

शेपटं सगळ्यात शेवटी कापा. टोकं हाताने घडवा.

मेस्त्री_देवबाग

वरचं सगळं वाचलं. टूलरूमच्या काकांनी लेथची बाजू इतकी नीट सांगितली आहे की तिथे मी काही भर घालणार नाही. मी होडीचा सुतार. आमच्याकडे गोल करायची वस्तू आधी पैलूदारच करतात, म्हणून हाताच्या पद्धतीबद्दल लिहितो.

डोलकाठी असो की वल्ह्याचा दांडा, आधी चौकोन, मग आठ, मग सोळा, मग रंध्याने कडा मारत गोल. आठ आखायला आमच्याकडे लाकडाची पट्टी असते. तिच्या दोन टोकांना दोन खुंट्या, मध्ये दोन खिळे, अंतरं सात, दहा, सात या प्रमाणात. पट्टी चौकोनी दांड्यावर तिरपी धरायची, दोन्ही खुंट्या दोन बाजूंना टेकवायच्या आणि ओढत न्यायची. खिळे दोन रेघा काढत जातात. दांडा निमुळता असला तरी पट्टी आपोआप जास्त तिरपी होते आणि रेघाही त्याच प्रमाणात जवळ येतात. वेगळं गणित करावं लागत नाही. हीच पट्टी बोटभर लांबीची करून पेनालाही वापरता येईल. मी माझ्या मुलासाठी शिसवीचा निबेचा टाक असाच केला, आठ पैलूंचा. लेथ लावलाच नाही.

मात्र चौकोनापासून दुप्पट करत गेलं की आठ आणि सोळा मिळतात, बारा मिळत नाहीत. बारा हवेत तर सहापासून सुरू करा. रॉडच्या टोकावर कंपासने त्याच्याच त्रिज्येएवढं अंतर घेऊन परिघावर टिंबं मारत गेलात की सहाव्या टिंबाला पुन्हा पहिल्यावर येता. दोन टिंबांच्या मध्ये एक-एक आणखी. हे दोन्ही टोकांवर करायचं आणि दोन्हीकडची टिंबं एका रेषेत यायला हवीत. त्यासाठी रॉड सपाट काचेवर ठेवून बाजूला काटकोन उभा धरा.

लेथ असल्यावर गिअरची पद्धत जास्त बरी, हे मान्य. पण कानस चालवताना एक सांगतो. अंगठ्याचा जोर कानशीच्या पुढच्या टोकावर सुरुवातीला जास्त असतो आणि ओढ संपता संपता मागे येतो, म्हणून पैलू मधोमध फुगीर होतो. रूळ असले तरी कानस लवते. कानस आडवी धरून, दोन्ही हात पेनाच्या अगदी जवळ ठेवून लांबीच्या दिशेने ओढली तर पैलू सपाट येतो आणि ओरखडेही लांबीच्याच दिशेचे पडतात. ते कागदाने लवकर जातात. आडवी घासली तर टोपण सैल होण्याची भीतीही असते.

आणि डोळ्यावर विश्वास ठेवा. पेन खिडकीच्या उजेडाकडे धरून एक डोळा मिटून त्याच्यावरून बघा. नवीन वल्हं आम्ही असंच बघतो. व्हर्नियर जिथे ठीक म्हणतो तिथेही डोळा नाही म्हणतो, आणि बहुतेक वेळा डोळ्याचं खरं निघतं.

चितारी_सावंतवाडी

बरा केलंस, हयसर इचारलंस तां. बाकीच्यांना कळावं म्हणून पुढचं प्रमाण मराठीत लिहितो.

लाख फिरत्या वस्तूवर चढते. लाकूड लेथवर फिरत असतं, त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून लाकडावर बसते. मग फिरत असतानाच केवड्याच्या पानाने घोटायची, तेव्हा ती चमक येते. तुमच्या टोपणाला बारा कडा आहेत. फिरवलंत तर कांडी फक्त कडांना लागणार, पैलू कोरडेच राहणार. हाताने गरम करून पैलूंवर पसरवायची म्हटली तर लाखेला लागणारी उष्णता एबोनाइटलाही मऊ करते. पैलू वाकडे होतील. तेव्हा ते करू नका.

दुसरं असं, की लाखेला अल्कोहोल चालत नाही आणि सोडा-साबणही चालत नाही. शाळेत सॅनिटायझर लावलेल्या हातांनी पेन धरलं तर रंग चिकट होईल. आणि मे महिन्यात बंद गाडीत पेन राहिलं तर विचारू नका.

पण ताईला रंग आवडतात म्हणता, तर एक मार्ग आहे. टोपणाच्या माथ्याला एक गोल लाकडी बटण बसवा, सात-आठ मिमी रुंद. ते आधी सुटं लेथवर करा, फिरवत त्यावर लाख चढवा. पिवळ्या पट्टीत लाल ठिपका सुंदर दिसेल. पूर्ण तयार झालं की टोपणाच्या माथ्यात खाच करून एपॉक्सीने चिकटवा. आम्ही खेळण्यांना पांगारा वापरत आलो, तो हलका आणि मऊ असतो. इतक्या लहान बटणाला तो चालणार नाही, कड तुटेल. शिसव घ्या. हातात पेन असताना बोटं माथ्याला लागत नाहीत, त्यामुळे रंग टिकेल. वेंगुर्ल्याहून इकडे येणं झालं तर बटण घेऊन या, लाख मी चढवून देईन.

लेथकाम_वेंगुर्ला

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. गिअर तपासला, ६० दातांचा आहे. आणि बटणाची कल्पना ताईला फोनवर सांगितली, तिला लाल ठिपका हवाच आहे. चितारीदादा, मी येतो.

जुना_टूलरूम काका, दोन शंका. तिन्ही शिरकावांतून टोपण जुळेल म्हणालात, पण माझे आटे तितके अचूक आले नाहीत तर? आणि इथल्या दमट हवेत एबोनाइट हिरवट-तपकिरी पडतं असं ऐकतो. पैलूंची चमक गेली तर सगळंच गेलं.

जुना_टूलरूम (रत्नागिरी)

आटे तंतोतंत समान अंतरावर येत नाहीत, थोडा फरक राहतोच. पैलू काढण्याआधी तिन्ही शिरकावांतून टोपण लावून बघा. ज्यातून ते सगळ्यात ठाम थांबतं त्या शिरकावावरच पैलू काढा, आणि टोपणाच्या तोंडाच्या आत व सेक्शनजवळ बॉडीच्या आट्यांच्या सुरुवातीला सुईच्या टोकाने एक-एक टिंब द्या. बाकीचे दोन थोडे इकडेतिकडे झाले तरी ताईला जुळणारा शिरकाव सापडेल. बाहेरून काही दिसत नाही.

रंगाबद्दल तुम्ही ऐकलंत ते खरं आहे, पण त्यात दमट हवेइतकाच उजेडाचाही हात असतो. एबोनाइट म्हणजे रबरात भरपूर गंधक मिसळून खूप वेळ तापवलेलं रबर. उन्हाने वरचा थर बिघडतो, गंधक मोकळं होतं, आणि ओलावा मिळाला की त्याचं आम्ल होतं. मग तो तपकिरी रंग. म्हणून पेन पाण्यात भिजत ठेवायचं नाही. धुवायचं तर सेक्शन आणि निब वेगळी काढून तेवढीच धुवा, बॉडी ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडी करा. खिडकीत ठेवायचं नाही, हे ताईला बजावून सांगा. वॉटर पेपरचं काम करतानाही प्रत्येक नंबरानंतर पुसा. आपल्याकडे जुलैत फडकंही वाळत नाही, तेव्हा मी फडकी लेथच्या दिव्याखाली ठेवतो. एवढी काळजी घेतली तर काळा रंग वर्षानुवर्षं टिकतो. राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी एबोनाइटचं पेन बनवून गांधीजींना पाठवलं होतं, आणि गांधीजींनी १९३५ साली त्याची पोच दिली. त्या जातीची जुनी पेनं आजही लोकांच्या खिशात लिहिती आहेत. रंग थोडा उतरला तरी २००० नंबरचा कागद आणि चामड्याची पट्टी त्याला पुन्हा काळं करते. पैलू सपाट असल्यामुळे ते काम गोल पेनापेक्षा उलट सोपं जातं.

ड्रॉपरचं पेन आहे म्हणून आणखी एक. शाई अर्ध्याच्या खाली गेली की उरलेली हवा हाताच्या उबेने फुगते आणि निबेतून थेंब टाकते. आपल्या उन्हाळ्यात हे जास्तच होतं. बॉडीची भिंत आतून जाड ठेवा, म्हणजे हाताची ऊब शाईपर्यंत उशिरा पोचते. पैलूंसाठी तुम्हाला भिंत जाड लागणारच आहे, तर भोक लहान घ्या. शाई कमी मावेल, हरकत नाही. ताईला सांगा, अर्ध्याखाली गेली की भरून टाकायची.

लेथकाम_वेंगुर्ला

समजलं. बॉडीचं भोक ८ मिमीवर आणतो. सेक्शनच्या आट्यांना आजवर व्हॅसलिन लावत आलोय, तेच चालेल ना?

जुना_टूलरूम (रत्नागिरी)

नको. पेट्रोलियमचं व्हॅसलिन रबराला सोसत नाही आणि उन्हाळ्यात पातळ होऊन शाईत उतरतं. सिलिकॉन ग्रीस लावा, पाण्यात न विरघळणारं. सेक्शनच्या आट्यांना बोटाने पुसट थर पुरतो. टोपणाच्या आट्यांना काहीच लावायचं नाही, नाहीतर टोपण थांबण्याची जागा बदलते.

मेस्त्री_देवबाग

सिलिकॉन ग्रीससाठी मुंबईला ऑर्डर द्यायची गरज नाही. इकडे तारकर्ली-मालवणात स्कूबावाले त्यांच्या ओ-रिंगना तेच लावतात. पेनाला वाटाण्याएवढं पुरेल. माझ्या ओळखीचे आहेत, सावंतवाडीला जाल त्या आठवड्यात सांगा, डबीत घालून एसटीने पाठवतो.